जाहिरात लक्षात राहिली, माल दुकानात राहिला

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे गिऱ्हाइकांनी नमुना म्हणून दिलेला माल, आणि दुसरी म्हणजे त्या मालाच्या जाहिरातींचे किस्से. माल निदान उंदीर तरी खातात. किश्श्यांना कुणी वाली नाही, म्हणून कान देणारा कुणी भेटला की मी त्यातले चार काढून त्याच्यापुढे ठेवतो. आज तुम्ही सापडलात.

ऑफिस म्हणजे जळगावात, पिंप्राळ्यात, पिठाच्या गिरणीवरची एक खोली. आमचे मालक नाना तिथे बसून लोकल चॅनलसाठी विनोदी जाहिराती बनवतात. मी त्या लिहितो. नानांचा एक सिद्धांत आहे, "माणूस हसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो!" बारा वर्षांच्या नोकरीनंतर माझं एवढंच म्हणणं आहे की हात जातो हे खरं, पण तो रुमाल काढायला जातो. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं असतं ना!

नाना म्हणतात, जाहिरात लक्षात राहिली की माल खपतो. माझी आई म्हणते, जाहिरात लक्षात राहिली की पोराचं लग्न राहतं. कारण त्या जाहिरातींत काम करणारा पोरगा म्हणजे मीच. सुनील. वय चौतीस, घरची थोडी शेती, व्यसन नाही, आणि तोंड अख्ख्या खान्देशाला पाठ!

*

सुरुवात गादीपासून झाली.

मुक्ताईनगरचे प्रल्हादभाऊ म्हणून एक गादीवाले आहेत. त्यांच्यासाठी मी जाहिरात लिहिली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बायकोला न्यायला जावई सासुरवाडीला येतो, गादीवर अंग टाकतो आणि तीन दिवस उठतच नाही. शेवटी सासरे आणि मेहुणे त्याला गादीसकट उचलून रिक्षात ठेवतात. रिक्षा चालू झाली की जावई डोळे न उघडता म्हणतो, "अजून पाच मिनिटं!"

जावयाचं काम करायला धुळ्याचा एक नाटकवाला येणार होता. तो ऐन वेळी फोन बंद करून बसला. कॅमेरा तयार, सासरे तयार, रिक्षावाला तर मीटर लावल्यासारखा तयार. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुनील, तुला झोपता येतं ना?"

बारा वर्षांत माझ्या अभिनयाची घेतलेली ती एकमेव परीक्षा.

जाहिरात अशी गाजली की विचारू नका. मी स्कूटरवरून निघालो की पानटपरीवरून आवाज यायचा, "अजून पाच मिनिटं!" शाळेतल्या पोरांना सकाळी उठवणाऱ्या आया मला शिव्या द्यायच्या. महिन्याभरानं मी आणि नाना मोठ्या ऐटीत प्रल्हादभाऊंच्या दुकानात गेलो.

"काय भाऊ, कसा आहे प्रतिसाद?"

"लय भारी," भाऊ म्हणाले. "कालच एक बाई आल्या. दारातूनच हसत आल्या. सगळ्या गाद्यांवर बसून पाहिलं आणि विचारलं, तो जावई कुठे असतो?"

"मग?"

"मग उशीचे दोन अभ्रे घेतले आणि गेल्या."

*

त्याच सुमारास मामांनी अमळनेरचं एक स्थळ आणलं. मुलगी चांगली, माणसं चांगली. आम्ही गेलो, पोहे झाले, शेतीच्या गप्पा झाल्या. मुलीचे काका मात्र सारखे माझ्याकडे निरखून बघत होते.

चार दिवसांनी निरोप आला. "मुलगा चांगला आहे, पण झोपाळू आहे."

मामा चिडून परत अमळनेरला गेले. समजावून सांगितलं की अहो, ती जाहिरात आहे, पोरगा पाचला उठतो, पाणी भरतो, योगासनं करतो. योगासनं हे मामांनी पदरचं घातलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोटं असतं, तर इतकं खरं वाटलं असतं का?"

मी ही हकिगत ऑफिसात सांगितली. मला वाटलं नाना हळहळतील. नानांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि भिंतीवर लावलं. आजही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवतात. माझं लग्न मोडल्याचं सर्टिफिकेट आमच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेलं आहे!

*

मग आली चहापत्तीची जाहिरात. त्यात मी कंजूस. पाहुणे आले की मी एका कपाचा चहा चौघांत वाटायचो, आणि पाचवा आला की त्याला रिकाम्या कपाचा वास द्यायचो. नंतर बायको चांगली चहापत्ती आणते, वगैरे वगैरे. ते वगैरे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. वास राहिला.

परिणाम असा झाला की आमच्या घरी येणारे पाहुणे चहा पिऊन यायला लागले. आई आग्रह करायची, ते हात जोडायचे, "नको अक्का, आत्ताच घेतला." एक मावशी तर पिशवीतून स्वतःची साखर आणि पत्ती घेऊन आली. म्हणाली, "तुमच्यावर भार नको."

जाहिरातीनं चहापत्तीचा खप वाढतो की नाही मला माहीत नाही. निदान एका घरातला तरी तो पुष्कळ कमी झाला.

त्या वर्षी दोन स्थळं गेली. एकांनी स्पष्टच विचारलं होतं, "मुलीला पोटभर मिळेल ना?"

*

नानांना कुणीतरी सांगितलं की मोठ्या कंपन्या जाहिरातीनंतर सर्व्हे करतात. झालं! आम्ही एका कामाला धुळ्याच्या पुढे निघालो असताना सोनगीरला हायवेवरच्या एका हॉटेलात शेवभाजी खायला थांबलो, तर नाना हात धुवायच्या आधी टेबलाटेबलावर फिरायला लागले. मला पुढे उभं करायचे आणि विचारायचे, "याला ओळखता का?"

सगळ्यांनी ओळखलं. एकानं वास घेऊन दाखवला. ट्रकवाल्यांच्या टेबलावर तर मला उभ्या उभ्या अख्खी जाहिरात करायला लावली.

"आणि चहापत्ती कोणती ते सांगा?"

एकानं गादीचं नाव सांगितलं, तेही चुकीचं.

शेवटच्या टेबलावर एक म्हातारे तात्या बसले होते. ते म्हणाले, "माले माहीत शे. तुमनी जाहिरात देखी आनि आम्हीन घरमा चहाच बदला!" नानांचे डोळे भरून आले. त्यांनी तात्यांच्या भाजीचं बिल द्यायचं तिथल्या तिथे कबूल केलं. तात्यांनी पिशवीतून पुडा काढून टेबलावर ठेवला.

तो दुसऱ्या कंपनीचा होता.

पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या जाहिरातीनंतर त्या दुसऱ्या कंपनीचा माल खरंच जोरात उठला होता. दिवाळीत आमच्या गिऱ्हाइकाचा साधा फोनसुद्धा आला नाही. त्या दुसऱ्यांकडून मात्र फरसाणाचं खोकं आलं. नानांनी ते परत पाठवलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

*

धुळ्याच्या शांतारामबापूंचा किस्सा सांगितला नाही तर अन्याय होईल.

बापूंचं सरकीच्या ढेपेचं दुकान. नानांनी त्यांच्यासाठी नाचणाऱ्या म्हशीची कल्पना काढली होती. बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हैस नाचत नाही." नाना म्हणाले, कॉम्प्युटरवर नाचवू. बापू म्हणाले, "कॉम्प्युटर ढेप खात नाही." शेवटी बापूच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. हात मांड्यांना चिकटलेले, पापणी हलत नाही, घाम गळतोय, आणि बोलले, "ढेप माझी आहे. म्हैस तुमची आहे. खाऊ घाला."

एवढंच! पुढचे दहा सेकंद नुसते कॅमेऱ्याकडे बघत उभे. नानांनी कपाळावर हात मारून घेतला.

पंधरा दिवसांत बापूंची ढेप संपली. गोदाम झाडून काढलं. बापूंनी फोन केला, "जाहिरात बंद करा, माल नाही." आमच्या अख्ख्या कारकिर्दीत हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हणालो, "नाना, आपण पण असं सरळ सांगून बघूया का?"

नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्याला जाहिरात म्हणत नाहीत. त्याला सूचना म्हणतात."

*

एक दिवस आई थेट ऑफिसात आली. जिना चढून धाप लागली होती, तरी बसली नाही. "नाना, तुम्हीन मना पोऱ्याले झोपाळू कया, कंजूस कया. एकदा तरी धड मानूस करा ना!" बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला. मी खाली मान घालून उभा होतो. आतापर्यंत मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो, पण त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. बारा वर्षं लोकांना हसवलं आणि घरातलं माणूस रडवलं.

नानाही विरघळले. एका सराफाची जाहिरात आली होती, त्यात मला चक्क नवरदेव केलं. फेटा, मुंडावळ्या, घोडी, सगळं खरं. फक्त सराफाची एक अट होती. "याचं तोंड दाखवू नका. लोक हसतील आणि दागिने बघायचे राहतील."

तर ती पूर्ण जाहिरात माझ्या पाठीवर शूट झाली.

आईला त्याचंही कौतुक! तिनं ती क्लिप सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "आमचा सुनील." बास, एवढंच. तेव्हा चोपड्याचं एक स्थळ अगदी जमत आलं होतं. क्लिप फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मामांना फोन. "अहो, तुमच्या भाच्याचं लग्न झालं आणि आम्हाला पत्रिकासुद्धा नाही?"

मामा म्हणाले, "झालं नाही हो!"

"असं कसं? घोडीवर पाहिला की आम्ही!"

आता मला सांगा, झोपाळू ठरलो तेव्हा तोंड ओळखलं, कंजूस ठरलो तेव्हा तोंड ओळखलं. नवरदेव ठरलो तेव्हा नुसत्या पाठीवर लोकांचा विश्वास बसला!

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

गेल्या वर्षी धुळ्याच्या एका चूर्णवाल्यांनी जाहिरात मागितली. पोट साफ होण्याचं चूर्ण. मी पहाटे संडासात जातो, बाहेर रांग लागते. घरचे, शेजारी, दूधवाला, पेपरवाला, मागे बँडवाले. उजाडतं, ऊन चढतं. शेवटी दार उघडून मी बाहेर येतो, पडलेल्या तोंडानं मान हलवतो आणि म्हणतो, "आज बी नाही!" सगळी रांग सुस्कारा सोडते.

हे वाक्य गादीपेक्षा, चहापेक्षा, सगळ्यापेक्षा गाजलं. शेतात लाइट आली का, "आज बी नाही!" नळाला पाणी आलं का, "आज बी नाही!" मला आलेलं नवं स्थळ काय म्हणालं, असं आईनं विचारलं तर मामांच्याही तोंडून तेच निघालं. आईनं त्यांना चमचा फेकून मारला.

अशात मामांनीच धुळ्याचं, देवपूरचं स्थळ आणलं. मुलगी वैशाली, फार्मसी शिकलेली, स्वतःचं मेडिकल चालवते. मी म्हणालो, मी येत नाही. मेडिकलवाली म्हणजे चूर्ण तिच्या कपाटातच असणार. मी कशाला तोंड घेऊन जाऊ? आई म्हणाली, "हाई शेवटलं. मंग मी तुले म्हनाव नही." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मी गेलो नसतो. ती थकून म्हणाली, म्हणून गेलो.

तिचे वडील आबा. पांढरं धोतर, टोपी, चेहऱ्यावर मास्तराची शिस्त, पण माणूस शेतकरी. "बठा, बठा. तुमले तर रोज देखतस आम्ही." माझा जीव तिथेच अर्धा झाला.

पोह्यांच्या बशा आल्या. वर शेव, लिंबाची फोड. मी बशीला हात लावणार, एवढ्यात आबा स्वतः आत गेले आणि एक स्टीलचा ग्लास घेऊन आले. वर झाकण. अगदी अदबीनं माझ्यासमोर ठेवला.

"पहिले हाई ल्या. मंग पोहा. कोमट पानी शे. लाजू नका, आपलंच घर शे."

मी झाकण काढलं. वास ओळखीचा. शूटिंगच्या दिवशी तो डबा दिवसभर माझ्या हातात होता.

मामांनी तोंडात रुमाल कोंबला. आईचा चेहरा उतरला. सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं की आबा, ती जाहिरात आहे, मला तसला काही त्रास नाही. पण हे वाक्य आम्ही अमळनेरला सांगून पाहिलं होतं. मी दाराकडे पाहिलं. वैशाली चौकटीला टेकून उभी होती. हसत नव्हती. औषध घेणाऱ्याकडे बघतात तशी नीट बघत होती.

"पूर्ण घ्या," ती म्हणाली. "अर्ध्यानं काही होत नाही."

मी पूर्ण घेतलं.

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमच्या जाहिरातीमुळे माझ्या दुकानात फार गर्दी होते. लोक येतात, तुमच्यासारखं तोंड करून दाखवतात, आम्ही सगळे हसतो. मग ते दुसरं चूर्ण मागतात."

"एकही डबा गेला नाही?"

"एक गेला. आज सकाळी."

"कुणी घेतला?"

"आबांनी. तुमच्यासाठी."

मी म्हणालो, "तुम्ही त्यांना सांगायचं ना, की ते सगळं खोटं असतं."

"सांगितलं. त्यांना पटलं नाही." मग तिनं आबांची नक्कल केली, आणि फार चांगली केली. "जो मानूस हाई गोष्ट बठ्ठा खान्देशले सांगस, तो मन्ही पोरपासून काय दपाडी ठेवी?"

माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, असा आबांचा हिशेब. मला हसू आलं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं माझी जाहिरात पाहून माझ्याबद्दल चांगलं मत झालेला तो पहिला माणूस.

"आणि तुमचं काय मत?" मी विचारलं.

"मी मत नंतर देते," ती म्हणाली. "आधी रिझल्ट बघते."

आम्ही निरोप घेतला, चारची एसटी पकडली. धुळ्याच्या बाहेर पडेपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत वैशालीचाच विचार करत होतो. त्यानंतर मात्र मला कुठलाच विचार करणं जमेना. आमच्या ऑफिसात कधी कुणी तो माल खाऊन पाहिला नव्हता. नमुन्याचा डबा उंदरांनीसुद्धा सोडला होता. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

पारोळ्याचा स्टँड आला. गाडी थांबायच्या आत मी उतरलो. मामा कंडक्टरच्या हातापाया पडत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी स्टँडवरच्या संडासात. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आबा बोली ऱ्हायनू. पोर रिझल्टना पहिलेच हो म्हनस. आमनं बी हो शे."

बाहेर हॉर्न चालूच होता.

"पन एक सांगा," आबांचा आवाज गंभीर झाला. "खरं सांगा बरं. फरक पडना का?"

मी जे होतं ते सांगितलं. बारा वर्षांत एखाद्या मालाबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोललो.

मग आबांनी फोन कानापासून दूर धरून घरात हाक मारली, ती मला स्वच्छ ऐकू आली.

"वैशाली! आजून दोन डबा काढी ठेव!"